राखणीच्या वाट्याची तपासणी

पेणजवळच्या जोह्याच्या ज्या गणपती कारखान्यात मी पाठवणीचं काम बघते, तिथे जून उजाडला की मला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो: माल कुठवर आला? आणि माझ्याकडे उत्तर असतं. कुठला ट्रक निघाला, कुठली पेटी पुण्यात उतरली, कुठल्या मूर्तीचा हात वाटेत मोडला आणि तो जोडायला कोण गेलं, हे मी खुर्चीतून न उठता सांगते. त्यामुळे धाकट्या भावाच्या फ्रीजमधून तपासणीला नेलेला मटणाचा तुकडा कुठवर पोचला, हे जेव्हा महिनोन्महिने कळेना, तेव्हा मला आधी राग आला. भीती नंतर वाटली.

आधी वाट्याबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. जमीन चुलत भाऊ कसतो. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. मी लग्न होऊन पेणला आले. धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, रोह्याला लागून असलेल्या वरश्यात फ्लॅट घेऊन राहतो. आम्ही सगळे पांगलो तरी गावात आमचा एक उंबरा अजून मोजला जातो. लावणी आटपली की गाव राखण देतं. शिवेवरच्या देवापुढे बोकड कापतात आणि उंबऱ्यागणिक त्याचे वाटे निघतात. सागाच्या पानांवर एका रांगेत ढीग मांडले जातात. मग गावातला एखादा म्हातारा ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा म्हातारा मनात येईल त्या घराचं नाव घेतो. कुणाच्या पानावर मांडीचं मांस येतं, कुणाच्या पानावर नुसती हाडं. पण देणाऱ्याने बघितलेलंच नसतं, त्यामुळे भांडायला जागा राहत नाही. आलेलं पान बांधून घ्यायचं आणि निघायचं. शहरात गेलेल्यांनी वाटा नेला नाही तर गाव ते मनाला लावून घेतं.

त्या वर्षीचा वाटा दादा स्वतः मोटरसायकलवरून वरश्याला देऊन गेला. भावाने त्याचे दोन भाग केले. एक रविवारी माझ्याकडे पेणला आणून दिला. मी तो त्याच दुपारी शिजवला, आम्ही जेवलो, विषय संपला. दुसरा भाग त्याच्याकडे फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फात राहिला, कारण आषाढी एकादशीपासून भावजयीचा चातुर्मास सुरू झाला होता आणि ती तिच्या भांड्यांत मटण शिजू देत नाही. पुढच्या फेरीला तोही पेणला आणायचा, असं आमचं ठरलं होतं. पुढची फेरी झाली नाही. कारखान्यात रंगाची गडबड होती, त्याच्या शाळेत कसलीशी तपासणी होती.

अशात डोंगरावर जनावरं धरायचा तारेचा फासा सापडला. फाशाजवळ भेकराचं डोकं आणि कातडं पडलेलं होतं. भेकर म्हणजे बोकडाएवढंच असणारं लहान हरिण, रात्री कुत्र्यासारखं भुंकतं. कुणीतरी त्याचं चित्रण केलं आणि ते सगळ्यांच्या फोनवर फिरलं. वनखात्याची माणसं गावात आली. फासा कुणी लावला, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे निदान तसं सगळ्यांनी सांगितलं. मांस कुठे गेलं असेल, असं विचारल्यावर कुणीतरी म्हणालं, इथे काही नाही, नुकतीच राखण झाली, वाटे शहरातसुद्धा गेले.

माझा भाऊ तेव्हा घरी चाचणीचे पेपर तपासत बसला होता. दारात आलेल्या वनखात्याच्या माणसांनी विचारलं, गावाकडून आलेलं मटण आहे का घरात? तो म्हणाला, आहे ना. स्वतः उठला, फ्रीज उघडला, पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. राखणीचं आहे, बोकडाचं, म्हणाला. भावजय सांगते, त्याने त्यांना चहासुद्धा विचारला. ज्याच्या मनात काही असतं तो नाही म्हणतो, एवढी साधी गोष्ट आहे. पण पंचनाम्यात उत्तर येतं, ते कुठल्या सुरात दिलं ते येत नाही.

पंचनामा झाला. मांसाचे दोन नमुने तपासणीसाठी दोन बाटल्यांत घालून मोहोरबंद केले. उरलेलं नासणारं, म्हणून रीतसर परवानगी घेऊन जाळून टाकलं. भावाला घेऊन गेले.

मला कळलं तेव्हा मी कारखान्यात होते. मी कागद घेतला आणि कामं लिहिली: वकील, जामीन, शाळेला अर्ज, तपासणी. पहिली दोन लगेच झाली. जामीन मिळाला. तिसऱ्याचा उपयोग झाला नाही, गुन्हा दाखल झाला म्हणून शाळेने निलंबनाचं पत्र दिलंच. राहिलं चौथं. वकील रोह्याचेच, शांत गृहस्थ. त्यांनी मला बसवून सांगितलं की आता सगळं त्या एका अहवालावर आहे. मांस कुठल्या प्राण्याचं ते डीएनएवरून ठरतं. बोकड निघाला की केस उरत नाही, नोकरी परत, सगळं परत. भेकर निघालं तर मात्र मी काही लपवणार नाही तुमच्यापासून, म्हणाले, नोकरी जाईल आणि तेवढ्यावर थांबणार नाही.

मी म्हटलं, मग काळजीच नाही. बोकडच आहे.

माझा तेव्हा खरोखर तसा विश्वास होता, आणि म्हणून मी त्या तपासणीच्या मागे लागले. प्रयोगशाळा परराज्यातली. फोन लावला तर ते म्हणाले, ज्या कार्यालयाने नमुना पाठवला त्याच्याशीच आम्ही बोलतो. वनखात्याच्या त्या कार्यालयात गेले. तिथले साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, पाणी दिलं. “मॅडम, रांग आहे. बिबट्याची कातडी, मोराची पिसं, खवले मांजराचे खवले, सगळं तिकडेच जातं. तुमचा नंबर येईल.” मी विचारलं, आत्ता कितवा नंबर आहे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दर्शनाच्या रांगेत मध्येच घुसले आहे.

मग मी मुंबईतल्या एका खाजगी प्रयोगशाळेचा नंबर शोधला. खिम्यात रेड्याचं मांस मिसळलंय का, सॉसेजमध्ये लिहिलंय तेच आहे का, असल्या तपासण्या ते हॉटेलवाल्यांना आणि कंपन्यांना करून देतात. फोनवर एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची. तिने न कंटाळता समजावून सांगितलं. मांसाच्या कणाकणात त्या जनावराची ओळख लिहिलेली असते. तिच्यातला एक छोटा भाग असा असतो की तो सगळ्या प्राण्यांत सापडतो, पण प्रत्येकात थोडा वेगळा असतो. तो भाग यंत्रात घालून त्याच्या लाखो प्रती काढायच्या आणि माहीत असलेल्या प्राण्यांशी ताडून बघायच्या. शिजवलेलं असलं तरी चालतं? मी विचारलं. चालतं, म्हणाली, भाजलेलं, सुकवलेलं, मसाल्यातलं, सगळं चालतं. आणि मिसळलेलं असलं तर? तरी कळतं, दोन्ही दिसतात. मग तिने विचारलं, “तुमच्याकडे तुकडा आहे का? नखाएवढा पुरेल. हाड असलं तरी पाठवा.”

त्या संध्याकाळी मी पेणच्या घरी माझा फ्रीज पूर्ण रिकामा केला. अर्धा वाटा माझ्याकडे आला होता. पण माझ्याकडे काही उरत नाही, हीच तर माझी ख्याती. शिजवलं त्या दिवशी संपलं, हाडं सकाळच्या घंटागाडीत गेली, डबा घासून पालथा घातलेला. एवढंच काय, बर्फाच्या कप्प्याचीही मी महिन्याला सफाई करते. नवरा म्हणाला, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही.

ताटावर बसून मी ते खाल्लं होतं, हे मला त्यानंतर सारखं आठवायला लागलं. मी चव आठवायचा प्रयत्न करायचे. आलं-लसूण, भाजलेलं खोबरं, आमच्या घरचा मसाला, हे सगळं आठवायचं. मटण कसं होतं? थोडं चिवट होतं का? राखणीचं नेहमीच चिवट असतं, बोकड जून असतो. रंग? मी रंग बघितला नव्हता. दुपारचे दोन वाजले होते, सगळ्यांना भूक लागली होती, आणि मी ते धुऊन सरळ कुकरला लावलं होतं. ज्या गोष्टीवर भावाची नोकरी अडकली होती ती माझ्या पोटातून गेली होती आणि मला तिच्याबद्दल काही सांगता येत नव्हतं.

वरश्याला त्याचे दिवस वाईट चालले होते. शिकवणीची मुलं एकेक करून बंद झाली. खालच्या दुकानातला एकजण रोज विचारायचा, “गुरुजी, भेकराचा रस्सा कसा लागतो, आम्हाला पण सांगा की.” भाऊ सुरुवातीला हसून म्हणायचा, या एकदा घरी. मग हसणं बंद झालं. मग तो त्या दुकानात जायचाच बंद झाला, आणि दूध आणायला भावजय जायला लागली. ती मला फोनवर म्हणाली, “ताई, माझ्या चातुर्मासामुळे झालं हे. शिजवून टाकलं असतं तर काय बिघडत होतं.” मी तिला म्हटलं, असं काही नसतं. पण ते तसंच होतं, आणि आम्हा दोघींनाही ते कळत होतं.

गणपती गेले, कारखाना थंडावला. मला रविवार मोकळा मिळाला तशी मी गावी गेले. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. दादाकडून आणि गावातल्या दोन-चार जाणत्यांकडून लिहून घ्यायचं, की राखणीला अमुक दिवशी बोकड कापला, त्याचेच वाटे झाले, त्यातलाच एक आमच्या घरी आला. मजकूर मी टाइप करून नेला होता. सह्यांपुरती जागा सोडली होती.

दादा पडवीत बसून विळ्यांना धार लावत होता, कापणी तोंडावर आली होती. वहिनीने चहा आणला. मी कागद वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतला, विळा पुन्हा दगडावर घासला.

“सही करतो मी,” म्हणाला. “भावासाठी करीन. पन तू वाचलंस त्यातलं एक खरं नाय.”

कुठलं, मी विचारलं.

“त्याचेच वाटे झाले, ते.”

मग त्याने सांगितलं ते मी गावाबाहेर वाढले म्हणून मला माहीत नव्हतं. बायका राखणीला जात नाहीत, आणि आमचे वडील तर नोकरीपायी धरमतरला. गाव वाढलं, उंबरे वाढले, एका बोकडात आता भागत नाही. दुसरा बोकड घ्यायला वर्गणी पुरत नाही. म्हणून त्या आठवड्यात ज्याला रानात काही मिळालं असेल तो ते गुपचूप देवापुढच्या ढिगात आणून टाकतो. कुणी आणलं हे विचारायचं नाही, काय आणलं हेही नाही. एकदा देवापुढे आलं की ते राखणीचं. एक कापतो, सगळं कालवतो, पानावर मांडतो.

मी विचारलं, या वर्षी कुणी टाकलं होतं?

“इचारू नको गो.”

दादा, त्याची नोकरी आहे.

“ठावं हाय मला. मी काय बघितलं नाय. मी बघितलं असतं तरी तुला काय सांगनार, त्या घरात पन पोरं हायत.” त्याने विळ्याची धार अंगठ्यावर बघितली. मग म्हणाला, “आनि टाकलं असलं तरी तुमच्या पानात आलं का नाय, ते कुनाला ठावं? माझ्या पानात आलं असंल. पाटलाच्या पानात आलं असंल. त्या म्हाताऱ्यानं पाठ करून नाव घेतलं.”

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “तरी मी सांगत व्हते, या वर्षी वाटा नेऊन देऊ नका, त्यांच्याकडं उपास चालू हाय.” दादा तिच्यावर ओरडला नाही. त्याने विळा खाली ठेवला आणि माझ्या हातातला कागद मागितला, सहीसाठी. मी तो दिला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

परतीच्या एसटीत मला त्या खाजगी प्रयोगशाळेतल्या मुलीचं वाक्य आठवलं. दोन्ही दिसतात. इतके दिवस मी सगळ्यांच्या मागे लागले होते की तपासणी लवकर करा. त्या कार्यालयातले साहेब माझा नंबर बघूनच फोन उचलेनासे झाले होते. आणि आता रोह्याच्या स्टँडवर उतरताना मला वाटत होतं की रांग आहे ती असू दे, बिबटे आणि मोर आधी जाऊ देत. पण मला तसंही करता येत नव्हतं. लवकर करा म्हटलं तेव्हा कुणी लवकर केलं नव्हतं, आता उशीर करा म्हटलं म्हणून कुणी उशीर करणार नव्हतं. मी भावाला काहीच सांगितलं नाही. त्याने विचारलं, दादाने सही दिली का? मी म्हटलं, वकील म्हणतात तिचा उपयोग नाही. वकिलांना मी विचारलंही नव्हतं.

अहवाल थंडीच्या शेवटी आला. वकिलांनी आम्हा दोघांना बोलावलं. एकच पान होतं. भावाने वाचलं आणि मला दिलं. आलेल्या नमुन्यातून तपासणीयोग्य डीएनए मिळू शकला नाही, सबब प्राण्याची जात निश्चित करता आली नाही, असा मजकूर होता. कारणही दिलं होतं: नमुना फॉर्मलिनमध्ये होता.

फॉर्मलिन म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यात बेडूक ठेवतात ते. त्यात मांस वर्षानुवर्षं टिकतं, दिसायला जसंच्या तसं, पण आतली ती ओळख तुटून जाते. असा नमुना स्पिरिटमध्ये ठेवतात, किंवा मिठात. साध्या जाड्या मिठात. धरमतरच्या खाडीकाठी ज्या मिठाच्या राशी बघत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यातलं मूठभर पुरलं असतं. बाटलीत ते कुणी ओतलं, कुठे ओतलं, हे कळायला मार्ग नव्हता. मांस टिकावं म्हणून चांगल्या हेतूनेच ओतलं असेल. दुसरा नमुना? मी विचारलं. वकील म्हणाले, दुसरी बाटलीही तशीच भरलेली असणार. आणि उरलेलं जाळलं.

वकील मात्र खूश होते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, आता सरकारी पक्षाकडे काही नाही, दोन-तीन वर्षं तारखा पडतील, शेवटी संशयाचा फायदा मिळेल. निलंबनाचा पगार चालू आहे, मध्येच कामावर परत घेतीलही, लांबच्या शाळेवर टाकतील. यापेक्षा जास्त मागू नका.

भाऊ म्हणाला, “मला संशयाचा फायदा नकोय. मी बोकडाचं मटण घरात ठेवलं होतं. तसं लिहून पाहिजे.”

“तसं आता कोणीच लिहून देऊ शकत नाही,” वकील म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. कोर्टासमोरच्या रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटून बसेस चालल्या होत्या. त्याने स्कूटरला किल्ली लावली, पण चालू केली नाही. मला वाटलं आता रडेल. तो रडला नाही. त्याने मला विचारलं, “ताई, तू तर खाल्लंस. तुला कळलं असेल ना.”

मला त्याला सांगता आलं असतं की बोकडच होतं. लहानपणी त्याला किती गोष्टी मी अशाच ठासून सांगितल्या आहेत, आणि त्याने त्या मानल्या आहेत. ते सगळ्यात सोयीचं झालं असतं. पण मला दादाची पडवी दिसली, आणि तोंडातून निघालं, “मटणासारखंच लागलं मला.”

“मटणासारखं,” तो म्हणाला.

मग त्याने सरळ विचारलं, “गावात काय सांगितलं दादाने तुला?”

मी सांगितलं. ढीग, कालवणं, पाठमोरा म्हातारा, सगळं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मी त्यांना बोकडाचं आहे म्हणालो, ते मला माहीत नव्हतंच.”

“तुला वाटत होतं.”

“हो. मला वाटत होतं.” त्याने स्कूटर चालू केली. “आता कोर्टात शपथेवर विचारतील तेव्हा काय सांगू?”

मी वकिलांना विचारते, असं मी म्हणाले. तो हो म्हणाला. मी मागे बसले आणि त्याने मला स्टँडवर सोडलं. पेणची गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसून वही काढली, वकिलांना विचारायचं असं वर लिहिलं, आणि गाडी सुटेपर्यंत खाली काही लिहिता आलं नाही. वकील काय सांगणार ते मला माहीत होतं. बोकडाचं होतं असंच सांगा, म्हणणार. आणि माझा भाऊ तसं सांगणार नाही, हेही मला माहीत होतं.